पांदणीची परीक्षा आणि ट्रेल बाईक

वऱ्हाडात शेताकडे जाणाऱ्या वाटेला पांदण म्हणतात. अकोला-अमरावतीकडच्या काळ्या मातीत भर पावसाळ्यातली पांदण ही कोणत्याही मोटारसायकलीची खरी परीक्षा. ही माती पाणी पिऊन फुगते, टायरला धरते आणि थरावर थर चढत मडगार्डात इतकी गच्च बसते की इंजिन चालू असूनही चाक फिरत नाही. मग स्वार खाली उतरतो आणि काडीने चिखल कोरत बसतो.

या अडचणीवरचा तांत्रिक उपाय जगाला बराच आधी सापडला होता. यामाहाने १९६८ मध्ये अमेरिकेत २५० सीसीची डीटी-१ विक्रीस आणली. रस्ता आणि रान दोन्हीकडे चालणारी, सामान्य ग्राहकाला परवडणारी गाडी. ट्रेल बाईक हा वर्ग तिच्यामुळे खऱ्या अर्थाने रुजला. या वर्गाची लक्षणे पुढे ठरून गेली : उंचावर बसवलेले पुढचे मडगार्ड, लांब झोके घेणारे सस्पेन्शन आणि पुढे मोठे चाक. मोठे चाक खड्ड्यात बसत नाही, त्यावरून निघून जाते. बैलगाडीचे चाक मोठे ठेवणाऱ्या सुताराला हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

भारतात त्या काळी खेड्यापाड्यांची गाडी होती राजदूत. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल एम-११ वरून ती घडवली. १७३ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन आणि दणकट सांगाडा. दुधाच्या कॅन तिने निमूट वाहिल्या. पण ती ट्रेल बाईक नव्हती, सोशीक होती इतकेच. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि ग्रामीण ग्राहकाचे गणित मायलेजवर स्थिरावले. त्यात गैर काही नव्हते. पेट्रोलचा खर्च रोजचा असतो, चिखल चार महिन्यांचा.

हिरोने २०११ मध्ये १५० सीसीची इम्पल्स आणली. ती फार टिकली नाही. मे २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली : पुढे २१ इंची चाक, जमिनीपासून २२० मिलिमीटर उंची, आरंभीची किंमत सुमारे ९७ हजार रुपये. पांदणीला हवे ते जवळपास सारे तिच्यात होते. विकली गेली मात्र साहसाची गाडी म्हणून, सुट्टीत डोंगर चढणाऱ्यांसाठी. ज्यांची रोजची वाटच ऑफ-रोड आहे, त्यांच्याकडे या बाजाराने ग्राहक म्हणून क्वचितच पाहिले.

मेळघाटात हा प्रश्न पिकापाण्यापुरता राहत नाही. १९८० च्या दशकात डॉ. रवींद्र कोल्हे यांनी बैरागड निवडले, तेव्हा हरिसालपासून सुमारे ४० किलोमीटर पायी जावे लागे. गर्भवतीसाठी आणि तापाने फणफणलेल्या लेकरासाठीही अंतर तेवढेच होते. ऑगस्ट २०१७ मध्ये राज्याने मुंबईत मोटारसायकल रुग्णवाहिका सुरू केली, ती वाहतूक कोंडीवरचा उतारा म्हणून. पुढे तीच सेवा मेळघाटात आली. तिथे कोंडी नव्हती; चारचाकी रुग्णवाहिका जाईल असा रस्ता नव्हता.