दमणगंगेच्या उगमापलीकडचे द्राक्षमळे

आपल्या सिल्वासाजवळून वाहणारी दमणगंगा नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात, आंबेगावजवळ सह्याद्रीत उगम पावते. तिथून ती पश्चिमेला उतरते आणि मधुबन धरण भरते. त्याच तालुक्यातले पूर्व उताराचे पाणी मात्र कादवा नदीतून गोदावरीला जाते. इकडे आपल्याकडे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि तिकडे निफाडपर्यंत पोहोचेतो तो पाचसातशेवर येतो. म्हणूनच सायलीच्या चिखलात भात पिकतो आणि डोंगरापलीकडे द्राक्ष.

त्या द्राक्षांपासून होणाऱ्या वाइनचा विषय गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत कशाला, असे कोणी विचारील. आम्ही इथे बाटलीविषयी लिहीत नाही, शेतीविषयी लिहीत आहोत. आणि बाप्पाचा संबंध म्हणाल तर तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी निवडलेला बिनबियांच्या द्राक्षाचा वाण ‘तास-ए-गणेश’ याच नावाने महाराष्ट्रभर लागला!

महाराष्ट्रात आधुनिक वाइनची सुरुवात 1980 च्या दशकात नारायणगावला झाली. श्यामराव चौगुले यांच्या ‘शॅम्पेन इंडेज’ने फ्रेंच तंत्रज्ञांची मदत घेऊन फसफसणारी वाइन काढली आणि ती परदेशात पाठवली. नाशिकचे नाव झाले ते पुढच्या दशकात. राजीव सामंत हा अमेरिकेत शिकलेला आणि नोकरी केलेला तरुण गंगापूर धरणाजवळच्या वडिलोपार्जित जमिनीवर परतला. आंबे, गुलाब, साग, खाण्याची द्राक्षे असे सगळे करून पाहिल्यावर त्याने वाइनची द्राक्षे लावली. कॅलिफोर्नियातील वाइनतज्ज्ञ केरी डॅमस्की सोबतीला आले. आई सुलभा यांच्या नावावरून मळ्याचे नाव ‘सुला’ ठेवले आणि 2000 साली पहिली वाइन बाजारात आली. आज शेअर बाजारात असलेली ही कंपनी तेव्हा एका घरचा मळा होती.

अशा मळ्याचे वर्ष कसे असते, हे समजून घेण्यासारखे आहे. युरोपात हिवाळ्याची थंडी वेलीला झोपवते आणि वसंतात ती आपोआप जागी होते. नाशिकला तशी थंडी नाही, म्हणून वेलीचे वर्ष माणसाच्या हातातील कात्री ठरवते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. वेल पार बोडकी केली जाते, एकदोन डोळे राखून. त्यातून भर उन्हात नव्या काड्या फुटतात आणि याच काळात काडीच्या पोटात पुढच्या घडाची जडणघडण होते. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण ऊन कमी पडले, पाणी चुकले, तर फेब्रुवारीतले उत्पन्न मे-जूनमध्येच गेलेले असते. पावसाळाभर काडी पिकवायची. सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा छाटणी, हिला गोडी छाटणी म्हणतात. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना औषध लावायचे. मग फुटवा, फुलोरा, मणी. डाऊनी आणि भुरी या दोन रोगांच्या धाकाने माणूस बागेतून हलत नाही. वर्षात दोनदा छाटणी, पीक मात्र एकच.

जानेवारी ते मार्च तोडणी. पहाटेच्या गारव्यात घड तोडून ऊन चढण्याआधी वायनरीत न्यायचे. साखर साधारण बावीस-चोवीस ब्रिक्स भरली की माल तयार. हीच साखर यीस्ट खाते आणि तिची वाइन होते. पांढऱ्या वाइनसाठी रस लगेच वेगळा काढतात. तांबड्या वाइनला मात्र सालीसकट आंबवतात, कारण रंग सालीत असतो. साधारण सव्वा किलो द्राक्षांची एक बाटली.

आता मुख्य गोष्ट. खाण्याच्या द्राक्षाला तीन दारे असतात: बाजार, निर्यात, आणि काहीच जमले नाही तर बेदाणा. शिराज किंवा कॅबर्नेचा मणी बारीक, जाड सालीचा, बियांचा. तो मंडईत कोण घेणार? त्याला एकच दार, वायनरीचे. वेल लावल्यावर पहिले खरे पीक यायला दोन-तीन वर्षे, म्हणजे तीन वर्षांनंतर ते दार उघडे असेल या भरवशावर शेतकरी खड्डे खणतो.

2001 साली महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले. राज्यात बनलेल्या वाइनला उत्पादन शुल्कात सूट मिळाली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क ठरले. सरकारी फायलींत वावरणाऱ्या आम्हांला ठाऊक आहे, शासनाचा कागद इतका लवकर शेतात उतरलेला क्वचितच दिसतो. काही वर्षांत नाशिक परिसरात वायनऱ्यांची रांग लागली. त्यांतल्या कित्येक शेतकरी कुटुंबांनी स्वतः, कर्ज काढून उभारल्या. टाक्या आल्या, पण बाटली विकायची कोणाला याचा अभ्यास फारसा कोणी केला नव्हता.

मग 2008 ची जागतिक मंदी आणि त्याच वर्षीचा मुंबईवरील हल्ला. हॉटेले ओस पडली, टाक्यांत वाइन तुंबली. ‘इंडेज’ कर्जात बुडाली आणि पुढे न्यायालयाच्या आदेशाने गुंडाळली गेली. माल घातलेल्या शेतकऱ्यांचे पैसे अडकले. अनेकांनी ऐन भरातल्या वेली मुळासकट उपटल्या आणि पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. एप्रिलमध्ये कात्री लावायची तिथे कुऱ्हाड लागली. आम्हांला या इतिहासातील हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि पर्यटनाच्या माहितीपत्रकात तो कधीच सापडत नाही.

जे टिकले ते दोन प्रकारचे. एक, मोठ्या वायनरीशी आधी लेखी करार करून मगच वेल लावणारे. दुसरे, स्वतःच्या मळ्यातच पाहुण्यांना बोलावून बाटली विकणारी घरे. 2022 मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा बराच विरोध झाला आणि तो अमलात आला नाही. त्या वादात दोन्ही बाजू पिणाऱ्यांविषयीच बोलल्या. पिकवणाऱ्याच्या दाराचा प्रश्न बाजूलाच राहिला.

जव्हार-मोखाड्याच्या वाटेने आपण त्र्यंबकेश्वरला जातो, तो रस्ता पुढे गंगापूर धरणाकडेही नेतो. फेब्रुवारीत गेलात तर वेलींवर घड दिसतील, मे महिन्यात गेलात तर नुसत्या हिरव्या काड्या. यंदा गणपती बसतील तेव्हा तिकडे काडी पिकत असेल आणि गोडी छाटणीच्या कात्र्यांना धार लावणे सुरू झाले असेल.