जुना मिक्सर दुरुस्त करावा की बदलावा?

भंडारा जिल्ह्यात लाखोळीच्या डाळीचे वडे करायचे तर भिजलेली डाळ घट्ट वाटावी लागते. अनेक घरांत हे काम जुना मिक्सरच करतो. अशाच जड वाटणाचा विचार करून सत्यप्रकाश माथुर यांनी १९६०च्या दशकात मुंबईत ‘सुमीत’ मिक्सर घडवला.

मिक्सर अचानक थांबला? प्लग काढा आणि तळाशी असलेले लाल बटण बघा. लोड वाढला की ते बाहेर येऊन वीज तोडते. डाळ कमी करा, मोटर थंड होऊ द्या, मग बटण दाबा.

मोटर फिरते, पाते फिरत नाही? बहुधा कपलर झिजला आहे. मोटरमध्ये मोठ्या ठिणग्या दिसतात? कार्बन ब्रश संपत आले असतील. हे दोन्ही भाग स्वस्तात बदलता येतात.

मात्र धातूच्या बॉडीला हात लावताच झिणझिण्या आल्या तर मिक्सर लगेच बंद करा. वायर आणि घरातले अर्थिंग तपासल्याशिवाय तो वापरू नका.

मोटरच जळाली तर रिवाइंडिंगचा खर्च विचारा. तो नव्या मिक्सरच्या निम्म्याहून जास्त असेल, तर जुन्याला निरोप द्या.