परिचारिकांची परीक्षा आणि बहुपर्यायी प्रश्न

परिचारिकांचे शिक्षण वॉर्डात सुरू झाले. लेखी परीक्षा त्यात बऱ्याच उशिरा आली. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात 1860 मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची प्रशिक्षणशाळा उघडली, तेव्हा शिकाऊ मुलींची पारख मेट्रन सेरा वॉर्ड्रोपर करत. प्रत्येक मुलीसाठी दर महिन्याला एक तक्ता भरला जाई. वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा आणि टापटीप हे स्वभावाचे रकाने होते. जखमेची मलमपट्टी, जळवा लावणे, एनिमा देणे, अंथरूण घालणे, पथ्याचा स्वयंपाक आणि रुग्णाचे निरीक्षण हे कामाचे रकाने होते. मुलींना रोजनिशी ठेवावी लागे, व्याख्यानांच्या टिपणवह्याही लिहाव्या लागत. अभ्यास म्हणजे दिवसभर पाहिलेले रात्री शब्दांत मांडणे, अशी ही पद्धत होती.

चांगली परिचारिका लेखी परीक्षेने ओळखता येते का, हा वाद लवकरच पेटला. एथेल गॉर्डन फेनविक यांच्या पुढाकाराने 1887 मध्ये ब्रिटिश नर्सेस असोसिएशन स्थापन झाली आणि प्रशिक्षित परिचारिकांची सरकारी नोंदणी व्हावी, अशी मागणी तिने लावून धरली. नाइटिंगेल यांचा त्याला ठाम विरोध होता. रुग्णाशी वागण्याची रीत, धीर आणि सचोटी परीक्षेच्या कागदावर उतरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. फेनविक यांच्या बाजूचा युक्तिवादही तितकाच वजनदार होता. कुठलीही कसोटी नसेल तर पूर्ण प्रशिक्षण घेतलेली आणि न घेतलेली परिचारिका यांत फरक कसा करायचा आणि रुग्णाने भरवसा कोणावर ठेवायचा? कायद्याने अखेर नोंदणीची बाजू घेतली. न्यूझीलंडने 1901 मध्ये परिचारिका नोंदणीचा स्वतंत्र कायदा केला. अमेरिकेत 1903 मध्ये नॉर्थ कॅरोलिना राज्याने पहिले पाऊल टाकले आणि त्याच वर्षी न्यू जर्सी, न्यूयॉर्क व व्हर्जिनिया ही राज्ये त्याच्या मागोमाग आली. ब्रिटनमध्ये असा कायदा 1919 मध्ये झाला. नोंदणीबरोबर परीक्षा आली आणि परीक्षेबरोबर परीक्षेसाठीचा अभ्यास आला. नाइटिंगेल यांचा आक्षेप मात्र निकाली निघाला नाही. परीक्षेच्या पुढच्या प्रत्येक बदलात तोच प्रश्न वेगळ्या रूपात समोर येत राहिला.

अमेरिकेतल्या सुरुवातीच्या परीक्षा प्रत्येक राज्याचे मंडळ आपापल्या परीने घेई. प्रश्न निबंधवजा असत, प्रात्यक्षिकही असे. तपासणी हातांनी होई आणि गुण बरेचसे तपासनिसाच्या मतावर अवलंबून राहत. विद्यार्थिनींचा दिवस वॉर्डातल्या कामात जाई आणि व्याख्याने बहुधा संध्याकाळी होत. दमलेल्या शरीराने लिहून घेतलेली टिपणे तशीच्या तशी पाठ करणे हीच अभ्यासाची सर्वसाधारण रीत होती. शिकण्यापेक्षा रुग्णालयाची कामे उरकण्यासाठी विद्यार्थिनींना राबवले जाते, ही टीका 1923 च्या प्रसिद्ध गोल्डमार्क अहवालाने उघडपणे मांडली. शिवाय राज्याराज्यांतल्या परीक्षांचा दर्जा वेगवेगळा असल्यामुळे एका राज्यातली परवानाधारक परिचारिका दुसऱ्या राज्यात गेली की तिच्या पात्रतेचा प्रश्न नव्याने उभा राही.

बहुपर्यायी प्रश्नाचा जन्म परिचर्येच्या क्षेत्राबाहेर झाला. कॅन्सस राज्यातले शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक केली यांनी 1915 च्या सुमारास शाळकरी मुलांसाठी मूकवाचनाची चाचणी तयार केली. एका प्रश्नाला एकच निर्विवाद उत्तर असावे, म्हणजे तपासनिसाच्या मर्जीला वाव राहणार नाही, हा त्यामागचा विचार होता. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने भरतीसाठी आलेल्या 17 लाखांहून अधिक लोकांची बुद्धिचाचणी घेतली आणि अशा परीक्षा प्रचंड संख्येवर वापरता येतात, हे सिद्ध झाले. पुढची अडचण तपासणीच्या वेगाची होती. मिशिगनमधले शाळाशिक्षक रेनॉल्ड जॉन्सन यांच्या कल्पनेवर आयबीएम कंपनीने 1930 च्या दशकाच्या अखेरीस तपासणीयंत्र बाजारात आणले. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमधून वीज वाहते, या साध्या गुणधर्मावर ते चाले. योग्य जागी केलेल्या खुणांमधून जाणारा प्रवाह यंत्र मोजी आणि गुणांचा आकडा दाखवी.

या दोन्ही गोष्टी परिचारिकांपर्यंत पोहोचल्या त्या दुसऱ्या महायुद्धामुळे. लढाईसाठी आणि घरच्या रुग्णालयांसाठी परिचारिका अपुऱ्या पडू लागल्या. 1943 च्या बोल्टन कायद्याने सरकारी खर्चाने शिकणाऱ्या कॅडेट परिचारिकांचे दल उभे केले आणि अभ्यासक्रमाचा काळही कमी केला. इतक्या मुलींचे निबंध हातांनी तपासत बसणे राज्यमंडळांना झेपण्यासारखे नव्हते. तेव्हा नॅशनल लीग ऑफ नर्सिंग एज्युकेशन या संस्थेने राज्यांसाठी सामाईक प्रश्नसंग्रह उभारला आणि जानेवारी 1944 मध्ये त्यावर आधारलेली पहिली परीक्षा झाली. काही वर्षांतच देशातल्या सर्व राज्यांनी ती स्वीकारली. औषधोपचार, शस्त्रक्रिया, प्रसूती, बालरोग आणि मनोरोग अशा पाच विषयांत परिचर्येचे स्वतंत्र गुण मिळत आणि प्रत्येक विषयात उत्तीर्ण व्हावे लागे. राज्य बदलले म्हणून पात्रतेचे मोजमाप बदलत नाही, ही या परीक्षेची मोठी कमाई होती.

नव्या परीक्षेने अभ्यासाची सवय बदलली. निबंधाला मुद्दे आठवून ते क्रमाने मांडावे लागत. आता समोर छापलेल्या चार पर्यायांतून एक ओळखायचा होता. पाच विषयांच्या पाच वह्या, व्याख्या, औषधांच्या मात्रा आणि लक्षणांच्या याद्या यांचे पाठांतर वाढले. परीक्षेच्या तयारीची पुस्तके निघाली. प्रश्नाच्या घडणीवरूनच उत्तर ताडण्याच्या युक्त्याही पसरल्या. सर्वांत लांब पर्याय बरोबर असतो, ‘नेहमी’ किंवा ‘कधीच नाही’ असे शब्द असलेला पर्याय बहुधा चुकीचा असतो, दोन पर्याय परस्परविरुद्ध असतील तर त्यांतलाच एक खरा असतो, असे ते आडाखे होते. जेसन मिलमन, कॅरोल बिशप आणि रॉबर्ट एबेल यांनी 1965 मध्ये या परीक्षाचातुर्याचे पद्धतशीर विश्लेषण केले. विषयाचे ज्ञान नसतानाही प्रश्नाच्या रचनेतून गुण मिळवता येतात, हे त्यातून स्पष्ट झाले. त्याचा फायदा प्रश्न काढणाऱ्यांनाही झाला. पर्यायांची लांबी सारखी ठेवणे, व्याकरणातून उत्तर फुटू न देणे आणि चुकीचे पर्यायही अर्धवट जाणकाराला पटतील असे लिहिणे, हे प्रश्नकर्त्यांचे नियम झाले. त्यामुळे मोठ्या परीक्षांत अशा आडाख्यांचा उपयोग कमी कमी होत गेला.

एक समजूत मात्र टिकून राहिली. पहिले सुचलेले उत्तर बदलू नये, असे विद्यार्थी आजही एकमेकांना सांगतात. या समजुतीची तपासणी 1929 पासून होत आली आहे आणि निष्कर्ष सातत्याने उलटा निघाला आहे. बदललेल्या उत्तरांत चुकीचे खोडून बरोबर केलेली उत्तरे जास्त असतात. जस्टिन क्रुगर आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये समजूत टिकण्याचे कारणही दाखवले. बरोबर उत्तर बदलून गमावलेला गुण मनाला लागतो आणि लक्षात राहतो, बदलामुळे मिळालेला गुण विसरला जातो.

अभ्यासाच्या पद्धतीवरही याच काळात संशोधन झाले. ओहायो राज्य विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी 1946 च्या पुस्तकात पाच पायऱ्यांची वाचनपद्धत मांडली. आधी प्रकरण चाळायचे, मथळ्यांचे प्रश्न करायचे, उत्तर शोधत वाचायचे, पुस्तक मिटून ते स्वतःशी म्हणायचे आणि शेवटी उजळणी करायची. जाडजूड पुस्तकांशी झगडणाऱ्या परिचर्येच्या विद्यार्थ्यांना ती मानवली. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी यातल्या चौथ्या पायरीचे महत्त्व ठळक केले. मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवले, पण आठवड्यानंतर स्वतःची चाचणी घेतलेलेच पुढे होते. सराव प्रश्न सोडवणे हे तयारी मोजण्याचे साधन मानले जाई. प्रत्यक्षात तो शिकण्याचाच एक प्रभावी मार्ग आहे, हे यातून दिसले. चुकलेल्या प्रश्नाचे स्पष्टीकरण वाचणे आणि उरलेले तीन पर्याय का चुकले हे स्वतःच्या शब्दांत सांगणे, ही सवय म्हणूनच आजच्या तयारीचा कणा झाली आहे.

परीक्षेतले पुढचे मोठे वळण 1982 चे. राज्यमंडळांची राष्ट्रीय परिषद 1978 मध्ये स्थापन झाली होती. तिने पाच विषयांची जुनी परीक्षा बाजूला ठेवून जुलै 1982 पासून एकसंध परीक्षा सुरू केली. तीच एनक्लेक्स. विषयांच्या भिंती गेल्या आणि परिचर्येच्या प्रक्रियेला, म्हणजे रुग्णाची पाहणी, निदान, नियोजन, कृती आणि मूल्यमापन या क्रमाला, परीक्षेत मध्यवर्ती जागा मिळाली. काय माहीत आहे यापेक्षा माहीत असलेल्याचे काय कराल, हे विचारले जाऊ लागले.

अशा प्रश्नाचे एक उदाहरण घेता येईल. ड्युटी सुरू होताच परिचारिकेपुढे चार रुग्ण आहेत. पहिल्याच्या खुब्याची शस्त्रक्रिया दोन दिवसांपूर्वी झाली असून तो वेदनाशामक मागतो आहे. दुसऱ्या मधुमेही रुग्णाची सकाळची साखर 180 आहे. तिसऱ्याच्या थायरॉइडची शस्त्रक्रिया काल झाली आणि त्याच्या ओठांभोवती मुंग्या येत आहेत. चौथा घरी जाण्यासाठी सूचनांची वाट पाहतो आहे. आधी कोणाकडे जावे? वेदना पहिल्याचीच मोठी आणि आकडा दुसऱ्याचा ठसठशीत, त्यामुळे घाईत नजर तिकडे जाते. पण थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथींना इजा झाली तर रक्तातले कॅल्शियम उतरते. मुंग्या हे त्याचे पहिले लक्षण असते आणि पुढे स्वरयंत्राचे स्नायू आकसून श्वास कोंडू शकतो. उत्तर तिसरा रुग्ण. यातली प्रत्येक माहिती पाठ असूनही तिचे वजन ठरवता आले नाही, तर उत्तर चुकते.

या प्रकारच्या प्रश्नांसाठी रूढ झालेली सूत्रे वॉर्डातलीच आहेत. आधी श्वासमार्ग, मग श्वसन, मग रक्ताभिसरण, हा क्रम तातडीच्या उपचारांतून आला. शरीराच्या गरजा आधी आणि मनाच्या नंतर, हा क्रम अब्राहम मॅस्लो यांच्या 1943 च्या मांडणीतून घेतला गेला. जुनाट तक्रारीपेक्षा नव्याने उद्‌भवलेली तक्रार आधी, अपेक्षित लक्षणापेक्षा अनपेक्षित लक्षण आधी आणि माहिती अपुरी असेल तर कृतीपेक्षा पाहणी आधी, ही सूत्रेही त्याच जातीची. लांब पर्याय निवडण्याचा आडाखा कागदापुरता चाले. ही सूत्रे रुग्णाच्या खाटेपाशीही चालतात. परीक्षेचे तंत्र आणि कामाचे शहाणपण इथे एका जागी आले.

एप्रिल 1994 मध्ये कागद-पेन्सिल गेली आणि उमेदवारागणिक बदलणारी संगणकीय परीक्षा आली. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अवघड, चुकले की सोपा, अशा रीतीने संगणक उमेदवाराच्या क्षमतेचा अंदाज घेत जातो. क्षमता उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर आहे की खाली, याची 95 टक्के खात्री झाली की तो परीक्षा थांबवतो. नोंदणीकृत परिचारिकांसाठी प्रश्न कमीत कमी 75 आणि जास्तीत जास्त 265 होते. परीक्षागृहातल्या सवयी यामुळे बदलल्या. उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि पुढे गेल्यावर मागे येता येत नाही. म्हणून अवघड प्रश्न शेवटी सोडवण्याची जुनी सवय निरुपयोगी ठरली. उत्तर बदलायचे तर ते नोंदवण्याआधीच. प्रश्न अवघड वाटत राहणे हे चांगले चालल्याचेही लक्षण असू शकते, हे ओळखून धीर न सोडणे हा तयारीचा भाग झाला.

अमेरिकेबाहेर ही परीक्षा 2005 पासून देता येऊ लागली आणि पुढे भारतातही केंद्रे आली, त्यांत मुंबई होती. जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग करताना दीर्घोत्तरे आणि टिपा लिहिण्याची सवय झालेल्या इथल्या विद्यार्थ्यांना त्यासाठी अभ्यासाची रीतच बदलावी लागते. देशातही एम्सने 2020 पासून नर्सिंग ऑफिसरच्या भरतीसाठी नॉरसेट ही बहुपर्यायी परीक्षा सुरू केली. तिथले गणित वेगळे आहे, कारण चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा होतो. चार पर्यायांत डोळे मिटून निवड केली तर सरासरी लाभ शून्य येतो. ज्ञानाच्या आधारे एक पर्याय जरी खात्रीने बाद करता आला, तरी उरलेल्या तिघांतून निवड करणे फायद्याचे ठरते. एनक्लेक्समध्ये प्रश्न सोडताच येत नाही. नॉरसेटमध्ये पूर्ण अनोळखी प्रश्न सोडल्याने तोटा होत नाही. दोन्ही परीक्षांची तयारी करणाऱ्याला हा फरक आधीच पक्का करून घ्यावा लागतो.

बहुपर्यायी प्रश्नाच्या मर्यादेवर सर्वांत मोठा इलाज 1 एप्रिल 2023 रोजी अमलात आला. एनक्लेक्सच्या नव्या रूपात एकाच रुग्णाची परिचारिकेच्या नोंदी, तपासण्या, औषधे अशी कागदपत्रे पडद्यावर येतात आणि त्यावर सलग सहा प्रश्न असतात. कोणती लक्षणे महत्त्वाची, त्यांचा अर्थ काय, कोणती शक्यता पहिली, उपाय कोणते, कृती कोणती आणि तिचा परिणाम काय झाला, असा त्यांचा क्रम असतो. अनेक उत्तरे निवडायच्या प्रश्नांत पूर्वी सगळे बरोबर असेल तरच गुण मिळे. आता अंशतः गुण मिळतात, मात्र सरसकट खुणा करणाऱ्याचे चुकीच्या निवडीसाठी गुण कापले जातात. त्यामुळे प्रत्येक पर्याय स्वतंत्रपणे खरा की खोटा असा तपासावा लागतो. वॉर्डातले निरीक्षण, नोंद आणि निर्णय हेच आता प्रश्नाचे रूप झाले आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाशी कोण कशी वागेल, हे ही परीक्षाही सांगू शकत नाही आणि त्यासाठी प्रात्यक्षिक व वॉर्डातली देखरेख लागतेच. पण रुग्णासमोर परिचारिका विचार कसा करेल, हे अजमावण्याइतकी मजल तिने मारली आहे. म्हणूनच तिची तयारी आणि कामाची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी राहिलेल्या नाहीत.