चार बोटांची ट्यूब

तारुण्याचे कौतुक कवींनी पुष्कळ केले. त्याच्या तोंडावर उठणाऱ्या पुळ्यांची दखल मात्र वैद्यांनाच घ्यावी लागली. सुश्रुताने या विकाराला ‘मुखदूषिका’ म्हटले आणि त्या पुळ्यांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली. काटेसावरीचे खोड ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना ही उपमा पटेल. लोध्र, धने आणि वेखंड यांचा लेप हा जुन्या वैद्यकग्रंथांतला उपाय. आपल्या आज्या सहाणेवर जायफळ उगाळीत.

मी शाळामास्तर. नववी-दहावीच्या वर्गात गालावर हात ठेवून बसणारी दोनचार मुलेमुली हटकून असतात. त्यांच्या घरी हल्ली डॉक्टरांनी लिहून दिलेली चार बोटांची एक ट्यूब असते. तिच्यावर औषधांची नावे दोन असतात, कधी तीन. ती एकत्र कशी आली हे शोधू लागलो, तेव्हा कादंबरीकाराला हेवा वाटावा असे कथानक हाती लागले.

पहिले पात्र बेंझॉइल पेरॉक्साइड. रसायनशास्त्राशी माझी ओळख मॅट्रिकपुरतीच. पण हे द्रव्य ब्रॉडी या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1858 साली तयार केले, आणि पुढे पाश्चात्य देशांतल्या गिरण्यांनी ते गव्हाचे पीठ पांढरे करण्यासाठी वापरले, एवढे समजायला मॅट्रिक पुरे. मुरुमाचे जंतू त्वचेच्या छिद्रांत, जेथे प्राणवायू फारसा पोहोचत नाही तेथे वाढतात. हे द्रव्य नेमका तोच तेथे सोडते आणि जंतू मरतात. पिठाचा रंग घालवण्याची खोड मात्र त्याने सोडलेली नाही. उशीचा रंगीत अभ्रा पांढऱ्या डागांनी भरला की आई साबणाला दोष देते!

दुसरे पात्र मातीतून आले. अमेरिकेतल्या नेब्रास्का प्रांतात लिंकन गावाजवळच्या मातीत एक सूक्ष्म जीव सापडला. त्याच्यापासून लिंकोमायसिन मिळाले आणि त्यात फेरफार करून क्लिंडामायसिन. हे तोंडाला लावल्याने मुरूम ओसरत. पण महिनोन्महिने एकटेच लावीत राहिले की जंतू त्याला सरावतात. पेरॉक्साइडला मात्र ते सरावत नाहीत. म्हणून दोघांची मोट बांधावी लागली. पेरॉक्साइड आणि एरिथ्रोमायसिन यांच्या मिश्रणाला अमेरिकेत 1984 साली परवानगी मिळाली. क्लिंडामायसिनची जोडी 2000 साली आली.

तिसऱ्या पात्रापाशी लेखणी अडखळते. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातले ट्रेटिनॉइन छिद्रांची तोंडे बुजू देत नाही, म्हणजे रोगाच्या मुळाशीच हात घालते. डॉ. आल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुरुमांवरचा त्याचा गुण 1969 साली प्रसिद्ध केला. 1971 साली ते बाजारात आले. हे क्लिगमन फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात 1951 पासून कैद्यांच्या कातडीवर प्रयोग करीत होते. पुष्कळ कैदी काळे होते. कित्येकांचा गुन्हा शाबीतही झाला नव्हता, जामिनाला पैसे नव्हते एवढेच. थोडेसे डॉलर मिळत म्हणून ते पाठ पुढे करीत. प्रसाधनांपासून डायऑक्सिनसारख्या विषापर्यंत काय काय त्या पाठींवर लावले गेले, याची त्यांना नीट कल्पनाही दिली जात नसे. ट्रेटिनॉइनचे प्रयोगही तेथे झाले. माणसावर प्रयोग करण्याआधी त्याची समजून दिलेली संमती हवी, हे न्यूरेंबर्गला 1947 सालीच लिहून झाले होते; होम्सबर्गचे प्रयोग 1974 पर्यंत चालले. क्लिगमन 2010 साली वारले. विद्यापीठाच्या वैद्यकशाखेने 2021 साली आणि शहराने 2022 साली माफी मागितली. तोवर त्यातले कित्येक कैदी हयात नव्हते. औषध गुणकारी आहे म्हणून त्या पाठी विसराव्यात, हे काही माझ्या मनाला पटत नाही.

ट्रेटिनॉइनचे आणि पेरॉक्साइडचे मात्र पटत नाही; एकत्र आणून उजेडात ठेवले की पहिल्याचे सत्त्व जाते. 1996 साली आलेले ॲडापलीन त्या सहवासात टिकून राहते, म्हणून 2008 साली ही जोडी जमली आणि 2023 साली क्लिंडामायसिनसह तिघांची एक ट्यूब झाली.

क्लिगमन यांचे आणखी एक मिश्रण आहे, 1975 सालचे: ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन आणि एक स्टेरॉइड. ते काळ्या डागांसाठी, मुरुमांसाठी नव्हे. त्याची भावंडे आपल्याकडे गोरे होण्याचे मलम म्हणून चिठ्ठीवाचून विकली गेली, आणि मुलांनी ती मुरुमांवरही चोळली. स्टेरॉइडने आधी चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते आणि मुरूम दुपटीने उठतात. आपल्या सरकारने 2018 साली अशी 14 स्टेरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत असे ठरवले. ट्यूबवर तांबडी उभी रेघ असते, ती त्यासाठीच.

खऱ्या ट्यूबला घाई चालत नाही. रात्री तोंड धुऊन, कोरडे करून, वाटाण्याएवढे जेल साऱ्या चेहऱ्याला पातळ लावायचे. आरंभी कातडी कोरडी पडते, आग होते, ऊन सोसत नाही. गुण दिसायला सहा-आठ आठवडे लागतात. आणि तोवर टॉवेल पांढराच वापरावा.