खातं भामरागडचं, नोटीस कुणाच्या भाषेत?

बँकेचं अ‍ॅप पहिल्यांदा उघडलं की एक लांबलचक मजकूर येतो आणि त्याच्या तळाशी ‘मला मान्य आहे’ असं बटण. मजकूर कुणीच वाचत नाही, अंगठा थेट बटणावर जातो. तुमची माहिती कोण घेणार, कशासाठी घेणार, कुणाला देणार हे सगळं त्या मजकुरात असतं. आपण निदान वाचायचं नाही असं ठरवू तरी शकतो. भामरागडच्या एखाद्या माडिया आजीला तीही सोय नाही.

भामरागड गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला आहे. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या तिथे भेटतात, आणि पलीकडे छत्तीसगड. पर्लकोटेला पूर आला की वर्षानुवर्षं हा तालुका जगापासून तुटत आला आहे. इथली वस्ती मुख्यतः माडिया गोंडांची, आणि त्यांची बोली द्राविडी कुळातली. मराठीशी तिचं नातं शेजाराचं आहे, रक्ताचं नाही. २०१४च्या जनधन योजनेनंतर देशभर कोट्यवधी खाती उघडली. आता रोजगार हमीची मजुरी खात्यात येते, आणि अनुदानंही खात्यातच येतात. खातं आलं तशी माहितीही आली: नाव, बोटांचे ठसे, मोबाइल नंबर, कुणाला किती आणि कधी मिळाले.

कागदावर काय लिहिलंय हे सावकाराला ठाऊक आणि कुळाला नाही, हे दुखणं महाराष्ट्रात जुनं आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले. दंगा पुढे नगर जिल्ह्यातही पसरला. या दंग्यांत जमावाचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कर्जरोख्यांवर होता. रोखे मागून घ्यायचे आणि जाळायचे. ज्या कागदावर आपण नांगराची निशाणी केली त्यात नेमकं काय आहे, हे निशाणी करणाऱ्याला वाचता येत नव्हतं. जे वाचता येत नाही ते जाळावं, हा मला तरी आंधळा राग वाटत नाही. त्यात हिशेब होता.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. रोखा गावच्या निबंधकासमोर लिहायचा, फेडीची पावती द्यायची, मागितल्यास वर्षाचा हिशेब द्यायचा, पासबुकात नोंद करून द्यायची. देणाऱ्याने घेणाऱ्याला लेखी सांगितलंच पाहिजे, हे तत्त्व इथे कायद्यात आलं. आजच्या नोटिशीची आजी म्हणायला हरकत नाही. मात्र ते भामरागडपर्यंत पोचलं नाही. हा मुलूख तेव्हा मध्य प्रांतात होता, चांदा जिल्ह्यातल्या अहेरी जमीनदारीत. १९३६ मध्ये इंग्रजांनी ही जमीनदारी ‘अंशतः वगळलेलं क्षेत्र’ म्हणून जाहीर केली. मुंबई राज्यात १९४६चा सावकारी कायदा आला, त्यात कर्जाचं विवरण ‘मान्यताप्राप्त भाषेत’ द्यावं असं म्हटलं होतं. हा शब्द लक्षात ठेवा.

गुपिताचा धागा वेगळा, तो लंडनमधून येतो. टुर्निए नावाच्या एका खातेदाराकडे बँकेचे नऊ-साडेनऊ पौंड येणं होतं. मॅनेजरने त्याचा पत्ता मिळवायला त्याच्या नोकरीच्या ठिकाणी फोन केला आणि बोलता बोलता हा माणूस जुगारात पैसे लावतो असं सांगून टाकलं. टुर्निएची नोकरी गेली. १९२४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं की खातेदाराचं गुपित राखणं हे बँकेचं कायदेशीर बंधन आहे. कायद्याची सक्ती, सार्वजनिक कर्तव्य, बँकेचं स्वतःचं हित आणि खातेदाराची संमती एवढेच अपवाद. आपल्याकडे १९६९ साली १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, आणि १९७०च्या कायद्यात गुप्ततेचं कलम घातलं गेलं. २००४ मध्ये कॅनरा बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कागद बँकेकडे गेला म्हणून त्यावरचा माणसाचा खासगीपणा संपत नाही.

पण गुपित राखणं वेगळं आणि माहितीचं काय करणार ते आधी सांगणं वेगळं. अमेरिकेने १९९९ च्या कायद्याने बँकांना दुसरी गोष्ट सक्तीची केली. २००१च्या उन्हाळ्यापर्यंत घरोघरी नोटिसा गेल्या, आणि त्या इतक्या किचकट होत्या की २००९ मध्ये सरकारला सोपा नमुना काढावा लागला. भाषा येत असूनही कळत नाही, अशी ती गत!

भारतात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. संमती मागताना साध्या भाषेत नोटीस द्यावी लागेल. ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला मिळेल. (सरकारी लाभ देताना मात्र सरकारला दर वेळी संमती मागावी लागत नाही, आणि भामरागडसारख्या ठिकाणी ही सूट लहान नाही.)

आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. २००३ मध्ये संथाळी आणि बोडो आल्या. गोंडी आली नाही, माडियाचं तर नावही नाही. २०११च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख ८४ हजार लोक होते, डोग्री सांगणारे २६ लाखांच्या आसपास. संस्कृत सांगणारे २४ हजार ८२१. म्हणजे कुणी मागितली तर बँकेला संस्कृतात नोटीस द्यावी लागेल, गोंडीत नाही. संस्कृतवर माझा राग नाही. पण नोटीस समजावी म्हणून असते की यादीत टिकमार्क करावा म्हणून, हा प्रश्न या दोन आकड्यांतून सुटत नाही. ‘मान्यताप्राप्त भाषा’ हा १९४६चाच शब्द, फक्त यादी बदलली.

गंमत म्हणजे वेगळा रस्ता रिझर्व्ह बँकेनेच दाखवला आहे. एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात तिने सांगितलं की किरकोळ कर्जाच्या मुख्य अटींचा तक्ता कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावा, तो त्याला समजावून सांगावा आणि समजल्याची पोच घ्यावी. इथे अनुसूची नाही. माणूस समोर आहे आणि त्याला कळलं पाहिजे, एवढंच. माडियासारख्या बोलीभाषेत छापील पानापेक्षा तोंडी सांगणं कितीतरी कामाचं, आणि ते सांगायला माडिया जाणणारा एखादा बँकमित्र पुरे. अनुसूची बदलायला घटनादुरुस्ती लागते, परिपत्रकात एक ओळ वाढवायला लागत नाही. नोटिशीचे नियम प्रत्यक्ष लागू व्हायला जाहीर झाल्यापासून १८ महिन्यांची मुदत दिली आहे, ती मे २०२७ मध्ये संपते.