संज्ञाप्रवाह आणि मर्ढेकर

संज्ञाप्रवाहाची कल्पना मूळची मानसशास्त्रातली. विल्यम जेम्स यांनी १८९० च्या ग्रंथात ती विस्ताराने मांडली. मे सिंक्लेअर यांनी १९१८ मध्ये डोरोथी रिचर्डसन यांच्या कादंबऱ्यांचे विवेचन करताना ती साहित्यविचारात आणली. मराठीत तिचा पहिला ठळक प्रयोग म्हणजे बा. सी. मर्ढेकर यांची ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) ही कादंबरी होय.

कथानकाची साखळी सैल करणारे हेच मर्ढेकर समीक्षेत मात्र संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांचा आग्रह धरतात. ही विसंगती वरवरची आहे. घटनांचा क्रम सुटला म्हणजे विखुरलेल्या स्मृतींना एकत्र राखण्यास लयच उरते. संज्ञाप्रवाह म्हणजे स्वैर लेखनाची मुभा, असे मानणाऱ्याच्या हाती म्हणूनच तंत्राचे केवळ टरफल लागते.