सहापदरी कापडातून गळलेला सोडा

१८४४ साली इंग्लंडमधल्या लँकशायर परगण्यात जॉन मर्सर कॉस्टिक सोड्याचं तीव्र द्रावण गाळत होता. गाळणं म्हणून त्याने घट्ट विणीचं, धुतलेलं सुती कापड सहापदरी करून घेतलं होतं. द्रावण फार सावकाश उतरलं. खाली जमलेल्या द्रावणाचं विशिष्ट गुरुत्व त्याने मोजलं, तर ते १.३०० वरून १.२६५ वर आलेलं. म्हणजे थोडा सोडा वाटेत कापडानेच ठेवून घेतला होता. मग त्याने ते गाळणं उलगडलं. कापड लांबीला आणि रुंदीलाही आटलं होतं, अंगाने जाड झालं होतं आणि अर्धपारदर्शक दिसत होतं.

नारळाचा काथ्या, ताग, घायपात किंवा लाकडाचा भुसा प्लास्टिकमध्ये घालण्याआधी त्यावर जी रासायनिक प्रक्रिया करतात, तिच्या कुळाचा शोध घेत गेलं की या सहापदरी गाळण्यापाशी येऊन थांबावं लागतं.

मर्सरने शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. लहानपणीच तो रिळं भरायच्या कामाला लागला, पुढे हातमागावर बसला, रंगांचं रसायन स्वतःच्या हिमतीवर शिकला आणि कापडछपाईच्या कारखान्यात भागीदार झाला. असा माणूस आटलेलं गाळणं फेकून देत नाही. त्याने पाहिलं, की सोड्यातून काढलेलं कापड जास्त मजबूत होतं आणि रंगही अधिक गडद पकडतं. १८५० मध्ये त्याने पेटंट घेतलं. पण कापड जवळजवळ चौथ्या हिश्शाने आटायचं आणि त्या काळी सोडाही महाग होता, त्यामुळे व्यापाऱ्यांना हा सौदा परवडेना. मर्सर १८६६ मध्ये वारला. १८९० च्या सुमारास होरेस लो याने तेच कापड ताणून धरून सोड्यात बुडवलं, तेव्हा आटणं थांबलं आणि वर रेशमासारखी चमक आली. तिथून ‘मर्सराइज्ड’ सूत जगभर पोचलं.

आता प्लास्टिककडे वळू. लिओ बेकलँडने १९०७ मध्ये फिनॉलच्या राळेचं बेकेलाइट तयार केलं. नुसतं बेकेलाइट ठिसूळ, म्हणून त्यात लाकडाचं पीठ घालायची पद्धत लगेच पडली. पूर्व जर्मनीच्या ट्राबांट मोटारीचे पत्रेही याच घराण्यातले: कापसाचा टाकाऊ भाग आणि फिनॉलची राळ एकत्र दाबून केलेले. या मंडळींना तंतूवर वेगळी प्रक्रिया करायची फारशी गरज पडली नाही, कारण फिनॉलची राळ लाकडाला आणि कापसाला आपणहून धरते.

अडचण आली ती पॉलिप्रॉपिलीनमुळे. जूलिओ नात्ताने १९५४ मध्ये मिलानला ते बनवलं. हलकं, स्वस्त आणि वितळवून हवं तसं घडवता येणारं. पण पाण्याशी त्याचं वाकडं. उलट वनस्पतीचा प्रत्येक तंतू सेल्युलोजचा, त्यावर पाण्याला ओढून घेणारे हायड्रॉक्सिल गट भरलेले. दोघांना एकत्र ओतलं, तर तेलकट ताटलीवर पाणी ओतावं तसं होतं: जवळ असतात, पण धरत नाहीत. भार पडला की तंतू प्लास्टिकमधून सुळकन बाहेर येतो आणि त्याची सगळी ताकद वाया जाते. संमिश्र पदार्थाचं बळ तंतूत किंवा प्लास्टिकमध्ये जितकं असतं, तितकंच दोघांच्या सीमेवर असतं.

ही सीमा सांधायची कशी, याचं एक उत्तर काचेच्या तंतूंनी आधीच दिलं होतं. काचतंतू आणि राळेच्या पत्र्यांत ओलावा शिरला की त्यांची ताकद ढासळायची. १९४० च्या दशकात त्यावर सिलेन नावाची संयुगं सापडली. त्यांच्या रेणूचं एक टोक काचेला बांधलं जातं, दुसरं राळेला. पुढे डाऊ कॉर्निंगच्या एडविन प्लूडेमन यांनी या विषयाला शास्त्राचं रूप दिलं, आणि वनस्पतीच्या तंतूंवरही सिलेन वापरून पाहिली गेली.

दुसरं उत्तर मर्सरचं. १९८३ मध्ये तिरुअनंतपुरमच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतल्या प्रसाद, पवित्रन आणि रोहतगी यांनी काथ्यावरचं काम प्रसिद्ध केलं. काथ्या ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात, साध्या खोलीच्या तापमानाला, ७२ ते ७६ तास भिजवायचा. काथ्याच्या अंगावर ओळीने बारीक गोळे बसलेले असतात. सोड्याने ते निघून जातात आणि तिथे ठरावीक अंतरावर खड्डे पडतात. पॉलिएस्टरची राळ या खड्ड्यांत शिरून घट्ट बसते. तंतूची ताकद सुमारे १५ टक्के वाढली. अशा काथ्याच्या संमिश्राची वाकण सोसण्याची ताकद साध्या काथ्याच्या तुलनेत सुमारे ४० टक्के जास्त भरली. त्याहून अधिक वेळ भिजवलं, तर मात्र तंतूच कमजोर व्हायला लागतो.

संशोधक या प्रक्रियेलाही सर्रास मर्सरचं नाव लावतात, पण दोन्हींत फरक आहे. मर्सरचा सोडा इतका तीव्र होता, की सेल्युलोजच्या स्फटिकांची आतली मांडणीच बदलायची. ५ टक्क्यांचं द्रावण तितकं खोल जात नाही. ते मुख्यतः वरचं मेण, पेक्टिन, हेमिसेल्युलोज आणि थोडं लिग्निन धुऊन तंतूचं अंग उघडं करतं. काथ्याला हे विशेष मानवतं.

पॉलिप्रॉपिलीनला मात्र एवढ्याने भागत नाही. त्यासाठी त्याच्याच साखळीवर मॅलेइक अॅनहायड्राइड नावाच्या संयुगाची कलमं लावतात. १९९१ मध्ये स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठातल्या फेलिक्स आणि गाटेनहोल्म यांनी दाखवलं, की ही कलमं सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिल गटांशी एस्टरचे बंध बांधतात, आणि कलमाची उरलेली साखळी भोवतालच्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये गुंतते.

कारखान्यांनी हीच वाट उचलून धरली, आणि त्यामागचं कारण अगदी व्यवहारी आहे. सोड्यात भिजवलेला तंतू पुन्हापुन्हा धुवावा लागतो, वाळवावा लागतो, आणि ते सोडामिश्रित, तपकिरी सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय सोडता येत नाही. कलमी पॉलिप्रॉपिलीनचे दाणे मात्र लाकडाच्या भुशाबरोबर थेट यंत्रात टाकता येतात. वजनाने दोन ते पाच टक्के पुरतात, आणि वितळवण्याच्या त्याच फेऱ्यात बंध जुळून येतात. घरासमोरच्या ओट्यांसाठी लाकूड आणि प्लास्टिकच्या मिश्र फळ्या करणारे अनेक कारखानदार कुठलाही हौद न बांधता असे जोडद्रव्याचे दाणेच वापरतात. सोड्याचा हौद उरला तो मुख्यतः ताग, घायपात आणि काथ्याच्या लांब तंतूंसाठी, जिथे राळ ओतण्याआधी तंतू हाताळावाच लागतो.